वसतिगृहातून काढलेला मुलगा

मृगाचा पाऊस सुरू झाला की पालघर आणि बोईसरच्या एस. टी. स्टँडवर एक ठरावीक दृश्य दिसू लागते. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडून आलेल्या गाडीतून बापलेक उतरतात. बापाच्या डोक्यावर पत्र्याची ट्रंक, मुलाच्या काखेत वळकटी आणि हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली दहावीची गुणपत्रिका. हल्ली ट्रंकेच्या जागी चाकांची बॅग आली आहे, पण मुलाच्या चेहऱ्यावरचे भाव तेच आहेत. तो वसतिगृहात राहायला आलेला असतो, आणि घराबाहेरची ही त्याची पहिलीच रात्र असते.

बोईसरला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवताना ही मुले मी वर्षानुवर्षे पाहिली. पहिल्या आठवड्यात ती वर्गात मागच्या बाकावर एकमेकांना चिकटून बसतात. दुसऱ्या आठवड्यात त्यांतला एखादा दिसेनासा होतो. चौकशी केली की कळते, ताप आला म्हणून घरी गेला. ताप बहुधा नसतोच. दिवाळीच्या सुट्टीला गेलेल्यांपैकी काही जण परत फिरकतच नाहीत. अभ्यास जड गेला, असे आपण शिक्षक मंडळी रजिस्टरात नोंदवून मोकळे होतो. पण खोलात जाऊन विचारावे तर गोष्ट निघते ती ताटाची, नाही तर अंथरुणाची. जेवताना शेजारी कोणी बसले नाही. भाषेवरून कोणी हसले. आपली जात कोणीतरी विचारली आणि उत्तर ऐकून गप्प राहिले.

अशा वेळी मला कोल्हापूरच्या एका बोर्डिंगातला एक मुलगा आठवतो. त्याचे नाव भाऊ पायगोंडा पाटील. पुढे महाराष्ट्राने त्याला कर्मवीर म्हटले. शाळेच्या भिंतीवरच्या तसबिरीतले पांढऱ्या दाढीचे, खादीतले भाऊराव सर्वांच्या ओळखीचे आहेत. त्या तसबिरीआडचा, वसतिगृहातून हाकलला गेलेला मुलगा मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूरजवळच्या कुंभोजचा. घराणे जैन शेतकऱ्याचे, मूळ गाव वाळवे तालुक्यातले ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात कारकून, त्यामुळे बदल्यांबरोबर शाळाही बदलत गेल्या. मुलगा अंगाने दांडगा आणि अभ्यासात यथातथा. गावातल्या विहिरीवर दलितांना पाणी भरू देत नाहीत, हे पाहून त्याने त्या विहिरीचा राहाटच मोडून टाकला, ही त्याच्या लहानपणची गोष्ट पश्चिम महाराष्ट्रात आजही सांगतात. विहीर मोडता येत नाही म्हणून राहाट मोडला, असाच काहीसा हिशेब त्या वयात असणार. पुढच्या साऱ्या आयुष्यात त्यांनी जे केले त्याची चव मात्र त्यात आहे. वाद घालत बसायचे नाही, हाताला येईल ते करून टाकायचे.

पुढच्या शिक्षणासाठी हा मुलगा कोल्हापूरला आला, राजाराम हायस्कुलात दाखल झाला आणि जैन बोर्डिंगात राहू लागला. त्या काळचे कोल्हापूर म्हणजे वसतिगृहांची पेठच होती. खेड्यातल्या बहुजनांच्या मुलाने शिकायचे तर शहरात त्याला डोके टेकायला जागा आणि दोन वेळची भाकरी हवी, हे शाहू महाराजांनी ओळखले होते. सर्व जातींच्या मुलांसाठी मिळून एक वसतिगृह त्यांनी १८९६ साली काढून पाहिले होते. पण त्यात हळूहळू ब्राह्मण विद्यार्थीच उरले. तेव्हा महाराजांनी व्यवहारी मार्ग धरला. ज्या त्या समाजाच्या पुढाऱ्यांना हाताशी धरून ज्याचे त्याचे वसतिगृह उभारायचे, जागा आणि मदत दरबाराने द्यायची. १९०१ मध्ये मराठा आणि जैन मुलांसाठी, १९०६ मध्ये मुसलमान मुलांसाठी आणि १९०८ मध्ये दलित मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, अशी ही रांग वाढत गेली. महाराजांना जातींच्या भिंती पक्क्या करायच्या होत्या, असा अर्थ कोणी यातून काढू नये. मुलांना आधी शाळेच्या दारापर्यंत तर येऊ दे, भिंतींचे पुढे पाहू, असा तो हिशेब होता. पण भिंत ती भिंतच. तिच्यावर पहिल्यांदा डोके आपटले ते भाऊरावांचे.

जैन बोर्डिंगाची शिस्त कडक होती. पूजा-प्रार्थना, सोवळ्याने जेवायला बसणे, वेळेचे बंधन. भाऊरावांना यातले काहीच मानवत नव्हते, आणि तेथील चालक अण्णासाहेब लठ्ठे यांच्याशी खटके उडत होते. लठ्ठे हा काही सामान्य माणूस नव्हे. जैन समाजातले आघाडीचे शिकलेले, सुधारक वृत्तीचे आणि महाराजांच्या विश्वासातले. अशा माणसालाही संस्थेच्या नियमापुढे पाऊल टाकता आले नाही, हे मला लक्षात ठेवण्यासारखे वाटते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर शिवताशिवत झाली म्हणून आंघोळ करूनच आत यावे, असे त्यांना बजावण्यात आले. त्यांनी साफ नकार दिला आणि त्यांना बोर्डिंगाबाहेर काढण्यात आले.

हा प्रसंग आपण सहज वाचून पुढे जातो. पण ज्याचे त्या शहरात दुसरे छप्पर नाही, अशा मुलाच्या बाजूने तो पाहावा. आंघोळच तर करायची होती. चार तांबे पाणी ओतून घेतले असते तर अंथरूण, ताट आणि शाळा तिन्ही शाबूत राहिली असती. पुढे शाहू महाराजांनी त्यांना आपल्याकडे आश्रय दिला, ही गोष्ट खरी. पण आंघोळ नाकारताना तो आश्रय काही समोर दिसत नव्हता.

शिक्षण इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही. मॅट्रिक राहिलीच. सातारला जाऊन शिकवण्या केल्या, तेव्हा लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. १९१० च्या सुमारास दुधगावला मित्रमंडळींबरोबर मुलांच्या शिक्षणाचा आणि वसतिगृहाचा पहिला प्रयोग झाला. पुढे ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव हिंडले. नांगर खपवण्याच्या निमित्ताने त्यांनी दक्षिण महाराष्ट्रातले शेतकऱ्याचे घर आतून पाहिले, एवढे सांगितले तरी या भटकंतीबद्दल पुरे.

मधल्या एका प्रकरणावर मात्र थांबले पाहिजे. १९१४ साली कोल्हापुरात राजघराण्याच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले. संशयाची सुई लठ्ठ्यांकडे वळली, आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. साक्ष खोटी होती. ज्या माणसाने आपल्याला बोर्डिंगातून काढले त्याच्यावर सूड उगवण्याची याहून सोपी संधी कोणाला मिळते? भाऊरावांनी साक्ष दिली नाही. त्यापायी तुरुंगवास भोगला, छळ सोसला, जीव देण्यापर्यंत मजल गेली. सुदैवाने वाचले. हेच लठ्ठे पुढे १९३७ च्या खेर मंत्रिमंडळात मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. राहाट मोडणारा मुलगा आणि ही साक्ष नाकारणारा तरुण, या दोघांमधले अंतर मला पुष्कळ मोठे वाटते.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. संस्थेचे ठाणे १९२४ मध्ये सातारला आले आणि तेथे जे वसतिगृह सुरू झाले त्यात कोल्हापूरच्या अनुभवाचे उत्तर होते. एकच छप्पर, एकच चूल, एकच पंगत. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळी मुले एका ओळीत बसणार. स्वयंपाक मुलांनी पाळीपाळीने करायचा, पाणी भरायचे, दळायचे, भांडी घासायची, शेतात राबायचे. कोणी कोणाच्या हातचे खावे यावर व्याख्याने देण्यापेक्षा भाकरी थापायची पाळीच लावून टाकणे, हा खास भाऊरावी खाक्या. आजची भाकरी ज्याच्या हातची, त्याची जात उद्या विचारणार कशी? जेवायचे तर ती भाकरी खायची, नाही तर उपाशी राहायचे. भूक लागलेले मूल याचा निकाल फार लवकर लावते.

महात्मा गांधी १९२७ च्या फेब्रुवारीत सातारला आले, त्यांनी हे वसतिगृह पाहिले आणि त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव तेव्हापासूनचे. ज्या राजाने जातवार वसतिगृहे काढली, त्याचे नाव जात न मानणाऱ्या वसतिगृहाला! यात विरोधाभास वाटेल, मला तरी तो वाटत नाही. महाराजांनी ठेवलेली पहिली पायरी चढूनच भाऊराव दुसरीवर आले होते.

पण वसतिगृह तत्त्वांवर चालत नाही. त्याला ज्वारी लागते, तेल-मीठ लागते, आजारी मुलाच्या उशाशी बसणारे कोणीतरी लागते. येथे लक्ष्मीबाईंचे नाव घ्यावे लागते. लक्ष्मीबाई सुखवस्तू पाटील घराण्यातल्या, सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या. माहेरून अंगभर दागिने घेऊन आलेली ही बाई एका धुनी माणसाच्या संसारात पडली. नवऱ्याने घरी आणलेली परजातीची मुले पाहून त्यांच्या जिवाची घालमेल झाली असेल, यात नवल नाही. जन्माचे संस्कार एका रात्रीत कोणाचे गळून पडतात? तरीही हळूहळू त्याच बाई त्या मुलांच्या आई झाल्या. त्यांना न्हाऊमाखू घालू लागल्या. संस्थेची निकड भागवायला एकेक दागिना बाहेर पडला. अखेर एके दिवशी भाऊराव गावाला गेलेले असताना वसतिगृहातले धान्य संपले, आणि लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले. मुले जेवली. ज्या काळात सवाष्णीने मोकळा गळा ठेवणे अशुभ मानले जाई, त्या काळातली ही गोष्ट आहे. १९३० साली लक्ष्मीबाई गेल्या. संस्थेचा वटवृक्ष झालेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. आमच्याकडे कर्मवीरांच्या जयंतीला भाषणे होतात त्यांत त्यांच्या वाट्याला एखादेच वाक्य येते. माझ्या मते निम्मे भाषण त्यांचे असायला हवे.

आमच्या भागाची कथा थोडी वेगळी. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी, त्याआधी हा सारा ठाणे जिल्हाच. येथल्या वारली, कोकणा, कातकरी मुलांसाठी बाळासाहेब खेरांनी १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळ काढले. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना तेथेच मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर दोघींनी बिऱ्हाड केले. पोर शाळेत येत नाही तर शाळाच त्याच्या अंगणात नेऊ, गुरांमागे असेल तर कुरणात नेऊ, असे त्यांचे धोरण. लहान वयाच्या मुलाला घरापासून तोडू नये हे त्यांना पटलेले होते, आणि ते बरोबरच होते. परंतु मूल सोळा वर्षांचे झाले की अंगणातली शाळा पुरत नाही, पालघर-बोईसरला यावेच लागते. तेथे ताराबाईंचा नव्हे, भाऊरावांचा प्रश्न सुरू होतो.

२०१८ साली शासनाने शहरांतल्या आदिवासी वसतिगृहांतील खाणावळ बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात टाकण्याची पद्धत आणली. विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध मोर्चे काढले. पैसे उशिरा येतात, हे एक कारण होतेच. पण पंगत मोडते हे कारण मला अधिक मोलाचे वाटते. एका हंड्यातले वरण वाढून घेणारी मुले आणि खिशातले पैसे मोजत वेगवेगळ्या हॉटेलांत जाणारी मुले, यांत फरक आहे. तो हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

भाऊरावांचा पुढचा पसारा सर्वांना माहीत आहे. शिक्षक तयार करणारे विद्यालय, डोंगराळ खेड्यांतल्या प्राथमिक शाळा, १९४० चे सयाजीराव हायस्कूल, १९४७ मध्ये सातारचे छत्रपती शिवाजी कॉलेज, जेथे कमवा आणि शिका हा नियम होता. मुले खडी फोडत, शेती करत आणि पदवी घेत. १९४८ साली खेरांच्याच सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले, तेव्हा संस्थेचे पाय लटपटले होते. गाडगेबाबांनी खेरांकडे शब्द टाकला आणि ते पुन्हा सुरू झाले. आदिवासींसाठी झटणारे खेर आणि अनुदान अडवणारे खेर एकच, ही इतिहासाची गंमत म्हणायची.

१९५९ साल उजाडले तेव्हा भाऊराव थकले होते. त्या वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले, आणि पुणे विद्यापीठाने इंग्रजी सहावीपर्यंतच शिकलेल्या या माणसाला सन्मानाने डी. लिट. दिली. ९ मे १९५९ रोजी त्यांचे निधन झाले. शाळांना सुट्टी लागलेली होती, पण बातमी कळताच वसतिगृहांतून शिकून गेलेली माणसे, कोणी मास्तर, कोणी वकील, कोणी शेतकरी, मिळेल त्या गाडीने सातारच्या वाटेला लागली.