वसईचा दुभाष्या, नागासाकीचा संत

वसईचा किल्ला म्हटला की मराठी माणसाला आधी आठवतात ते चिमाजी अप्पा. १७३९ सालच्या मे महिन्यात मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून हा बेलाग किल्ला घेतला आणि त्या विजयाची खूण म्हणून ओळखली जाणारी घंटा आजही नाशकात नारोशंकराच्या देवळावर टांगलेली आहे. धुळे-जळगावकडची मंडळी गोदास्नानाला गेली की ती घंटा हमखास पाहून येतात. पण या लढाईच्या पावणेदोनशे वर्षे आधी याच किल्ल्याच्या तटाआड एक मुलगा वाढला. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी तो समुद्र ओलांडून जपानला गेला, तिथली भाषा शिकला, तिथल्या रोग्यांची सेवा केली आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर तिथेच वधस्तंभावर गेला. रोमन कॅथलिक चर्चने संतपद दिलेला भारतात जन्मलेला तो पहिला माणूस. त्याचे नाव गोन्सालो गार्सिया.

वसईच्या ख्रिस्ती घरांत हे नाव लहान मुलांनाही ठाऊक असते. किल्ल्यातले चर्च त्यांच्या नावाने ओळखले जाते, वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. तिथून थोडे आत, सह्याद्रीच्या अलीकडे आले, की मात्र हे नाव फारसे कुणी ऐकलेले नसते. भुसावळहून नंदुरबार-सुरतमार्गे मुंबईला जाणारी गाडी वसई रोड स्थानकावरून पुढे निघून जाते, आणि आपल्याच मुलखातल्या एका माणसाचे पुतळारूप स्मारक जपानमध्ये उभे आहे याची गाडीतल्या प्रवाशाला कल्पनाही नसते.

आईचे गाव वसई

गोन्सालोंचा जन्म १५५६ किंवा १५५७ सालचा. वडील पोर्तुगीज शिपाई, आई वसईची. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ साली तह करून वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली होती. तेव्हापासून या किनाऱ्याचा चेहरामोहरा बदलत गेला होता. किल्ल्यात जेझुइट, फ्रान्सिस्कन अशा निरनिराळ्या धर्मसंघांची चर्चे आणि मठ उभे राहत होते. खान्देशात त्या वेळी फारुकी सुलतानांचे राज्य होते. थाळनेरहून त्यांची गादी बुऱ्हाणपूरला गेली होती आणि मोगल अजून तापीकाठी यायचे होते.

या काळाबद्दल लिहिताना एक गोष्ट दडवून चालणार नाही. पोर्तुगीज राजवटीत किनाऱ्यावरची अनेक देवळे पाडली गेली, धर्मांतरासाठी दडपण आले, १५६० साली गोव्यात धर्मन्यायालय बसले. वसईच्या विजयाचा आनंद मराठी मनात इतका खोल रुजला त्याचे हेही एक कारण आहे. पण सत्ता वेगळी आणि सत्तेच्या सावलीत जन्मलेले पोर वेगळे. गोन्सालोंच्या वाट्याला राज्यकर्त्यांचा मान कधी आलाच नाही. अर्धे इकडचे आणि अर्धे तिकडचे म्हणून दोन्हीकडे ते थोडे परकेच राहिले.

लहानपणी ते किल्ल्यातल्या जेझुइट पाद्र्यांकडे गेले. फादर सेबास्तियन गोन्साल्विस यांच्या देखरेखीखाली सुमारे आठ वर्षे त्यांनी अक्षरओळख, प्रार्थना, चर्चमधली सेवा असे सगळे शिकून घेतले. पुढे जे घडले त्याची पूर्वतयारी ही अशी, कुठलाही गाजावाजा न होता, वसईतच झाली.

परमुलखात

१५७२ च्या सुमारास गोन्सालो जपानला निघाले. आज मुंबईहून सकाळी निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी टोकियोत उतरतो. त्या काळी हा प्रवास म्हणजे वाऱ्यांच्या मर्जीचा मामला होता. गोवा, मलाक्का, मकाव अशी बंदरे घेत, मोसमी वारे फिरण्याची वाट बघत जहाज पुढे सरके. वाटेत वादळे, चाचे आणि तापाची साथ. मागे राहिलेल्यांशी संबंध पत्रांचा, आणि पत्राला उत्तर यायला वर्षे लागत.

जपानमध्ये ख्रिस्ती धर्म १५४९ साली फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबर पोहोचला होता. नागासाकी बंदर पोर्तुगीज व्यापाराला नुकतेच, १५७१ साली, खुले झाले होते. पाद्री मोजके होते आणि भाषेची अडचण मोठी होती. इथे गोन्सालो कामी आले. त्यांनी जपानी भाषा भराभर आत्मसात केली. वाक्यात क्रियापद शेवटी येणे, नामाच्या मागून शब्दयोगी अव्यये येणे, समोरच्याच्या मानाप्रमाणे बोलण्याची तऱ्हा बदलणे, हे सारे मराठी माणसाला ओळखीचे वाटावे असे. युरोपातून आलेल्यांना जे डोईजड जाई ते आईकडून आपल्या बाजूची भाषा मिळालेल्या मुलाला तितके परके वाटले नसावे. ते धर्मशिक्षक झाले. गावोगाव हिंडून मुलांना शिकवणे, पाद्र्यांच्या प्रवचनांचा अर्थ लोकांना सांगणे, आजाऱ्यांची विचारपूस करणे ही त्यांची कामे. लोकांशी ते मायेने वागत आणि लोकांनीही त्यांना जीव लावला.

नकार

गोन्सालोंची एकच इच्छा होती. ज्यांच्याबरोबर आयुष्य काढले त्या जेझुइट संघात रीतसर प्रवेश मिळावा. त्यांनी विनंती केली, वाट पाहिली, पुन्हा विनंती केली. प्रवेश मिळाला नाही. पूर्वेकडच्या लोकांना आणि मिश्र रक्ताच्या मुलांना धर्मसंघात बरोबरीने घ्यायला त्या काळचे बरेच युरोपीय अधिकारी तयार नसत. १५७० पासून जपानमधल्या जेझुइटांचे प्रमुख असलेले फ्रान्सिस्को काब्राल तर स्थानिकांच्या बाबतीत विशेषच कडक म्हणून ओळखले जातात. सेवा घ्यायची पण पंगतीला बसवायचे नाही, हा अनुभव आपल्या देशाला नवा नाही.

दुसरा कुणी असता तर कडवट होऊन वसईला परतला असता. गोन्सालोंनी व्यापार सुरू केला. भाषा येत होती, माणसे ओळखीची होती, शब्दाला किंमत होती. धंद्याला बरकत आली आणि मकाव, मनिला, जपानची बंदरे अशा खेपा सुरू झाल्या. हातात पैसा आला, पण मनातली जागा रिकामीच राहिली.

मनिलामध्ये त्यांची गाठ फ्रान्सिस्कन संघाच्या लोकांशी पडली. असिसीच्या संत फ्रान्सिस यांचा हा संघ दारिद्र्याचे व्रत घेणारा. जाडाभरडा झगा, कमरेला दोरी, भिक्षेचे अन्न आणि दीनदुबळ्यांची सेवा. खान्देशातल्या वाचकाला आपल्याकडचे महानुभाव संन्यासी किंवा झोळी घेऊन फिरणारे बैरागी आठवतील. यांच्यापैकी हुआन पोब्रे नावाच्या एका साध्या धर्मबंधूचा गोन्सालोंवर फार परिणाम झाला. त्यांनी मांडलेला धंदा सोडला आणि १५८८ च्या सुमारास ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले, तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, धर्मबंधू म्हणून. मिस्सा करण्याचा अधिकार नाही, पदवी नाही, पाठीशी घराणे नाही. स्वयंपाकापासून सेवाशुश्रूषेपर्यंत पडेल ते काम करायचे, एवढेच.

राजदरबारात

इतक्यात राजकारणाने वळण घेतले. जपानची सत्ता आता तोयोतोमी हिदेयोशी यांच्या हाती होती. साध्या कुळात जन्मलेला हा माणूस पराक्रमाने आणि मुत्सद्देगिरीने साऱ्या जपानचा धनी झाला होता. १५८७ साली त्यांनी ख्रिस्ती पाद्र्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, पण व्यापार हवा असल्याने त्याची अंमलबजावणी सैल होती. पुढे त्यांनी कोरियावर फौजा धाडल्या आणि फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरानेही आपले मांडलिकत्व पत्करावे असा निरोप पाठवला.

हे संकट टाळायला १५९३ साली मनिलाहून एक शिष्टमंडळ निघाले. प्रमुख होते फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता. त्यांना जपानी येत नव्हते. दुभाष्या म्हणून निवड झाली गोन्सालोंची. वसईच्या आईचा मुलगा जपानच्या सर्वसत्ताधीशासमोर स्पेनच्या वतीने बोलण्यासाठी उभा राहिला. त्या शिष्टमंडळातला सर्वांत कमी दर्जाचा माणूस तोच आणि ज्याच्यावाचून एक शब्दही पुढे जाणार नाही असाही तोच. भाषांतरात एखादा शब्द उणाअधिक झाला असता तर डोकी उडाली असती.

बोलणी निभावली. फ्रान्सिस्कनांना राहण्याची परवानगी मिळाली आणि राजधानी मियाको, म्हणजे आजचे क्योतो, इथे जागाही मिळाली. १५९४ साली तिथे चर्च आणि मठ उभा राहिला. त्याच्या शेजारी महारोग्यांसाठी दोन रुग्णालये सुरू झाली. महारोग्याला गावाबाहेर काढण्याची रीत तिथेही होती. अशा माणसांच्या जखमा धुणे, त्यांना भरवणे हे काम गोन्सालो आणि त्यांचे सोबती करीत. दरबारात दुभाष्या आणि रुग्णालयात सेवक, असे त्यांचे दुहेरी आयुष्य तीन वर्षे चालले.

मात्र एक काळजी होती. जेझुइट मंडळी १५८७ च्या हुकुमानंतर जपून, आडून काम करीत. जपानचे क्षेत्र पोपनी १५८५ साली त्यांच्याकडेच राखून ठेवले होते. फ्रान्सिस्कन आले आणि उघडपणे प्रवचने करू लागले. एकाच धर्माच्या दोन संघांत कुरबुर झाली. पोर्तुगीज आणि स्पॅनिश व्यापाऱ्यांची चुरस होतीच. सरळ मनाने सेवा करणारी माणसे अशा वेळी नेमकी मध्ये सापडतात.

सव्वीस वधस्तंभ

१५९६ च्या ऑक्टोबरात मनिलाहून मेक्सिकोला निघालेले सान फेलिपे हे मालाने भरलेले स्पॅनिश गलबत वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्यावर फुटले. जपानी अधिकाऱ्यांनी माल जप्त केला. वाद वाढला. पाद्री आधी येतात आणि मागून सैन्य येते, असे गलबतावरच्या सुकाणूवाल्याने फुशारकीने बोलून दाखवल्याचे सांगतात. ते खरे असो वा विरोधकांनी पसरवलेले, हिदेयोशींचा संशय मात्र पेटला. एका अर्थी तो निराधारही नव्हता. मनिलाचे आणि वसईचे काय झाले हे जगाने पाहिले होते.

डिसेंबरमध्ये मियाकोच्या मठाला पहारा बसला. पकडलेल्या चोवीस जणांत गोन्सालो होते. १५९७ च्या जानेवारीत प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला आणि गाड्यांत बसवून त्यांची धिंड काढली गेली. मग भर हिवाळ्यात त्यांना नागासाकीकडे चालवत नेले. सुमारे आठशे किलोमीटरची ही वाट जवळजवळ महिनाभर चालली. वाटेत आणखी दोघे सामील झाले आणि संख्या सव्वीस झाली. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि सतरा सामान्य जपानी ख्रिस्ती. त्यांत सुतारकाम करणारे होते, स्वयंपाकी होते आणि बारा ते चौदा वर्षांची तीन मुलेही होती.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस वधस्तंभ उभे केले गेले. चरित्रकार सांगतात की टेकडीवर पोहोचताच गोन्सालो आपणहून पुढे झाले आणि आपला स्तंभ कोणता एवढेच त्यांनी विचारले. दोन्ही बाजूंनी भाले खुपसून सर्वांचा अंत करण्यात आला. ज्या जेझुइट संघाने गोन्सालोंना प्रवेश नाकारला त्याच संघाचे तिघे त्या रांगेत त्यांच्यासोबत होते. जिवंतपणी जी पंगत मिळाली नाही ती अशी मिळाली.

योगायोग असा की त्याच वर्षाच्या आरंभी खान्देशचा सुलतान राजा अली खान फारुकी गोदावरीकाठच्या लढाईत मोगलांच्या बाजूने लढताना पडला. पुढच्या चार वर्षांत खान्देशचे स्वतंत्र राज्य संपले. त्या सुलतानाची आठवण आज पुस्तकांपुरती उरली आहे.

मागे काय उरले

१६२७ साली पोप आठवे अर्बन यांनी या सर्वांना धन्यवादित घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. भारतात जन्मलेल्या पुढच्या व्यक्तीला, केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांना, हा मान मिळायला २००८ साल उजाडले. नंतर २०१५ मध्ये गोव्याचे जोसेफ वाझ संत झाले. तेही तमिळ आणि सिंहली शिकून श्रीलंकेत सेवेला गेलेले. निशिझाका टेकडीवर १९६२ साली सव्वीस जणांचे स्मारक उभे राहिले. १९४५ च्या अणुबाँबने होरपळलेल्या शहरात ते आजही लोक पाहायला जातात.

खान्देशाने परदेशातून सेवेला आलेली माणसे पाहिली आहेत. पंथ वेगळा असेल, पण नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याचे मिशन रुग्णालय आपल्या आदिवासी भागाला परके नाही. गोन्सालोंची वाट उलट्या दिशेची. इथून तिकडे गेलेली. आज आपल्याही घरातली मुले-मुली शिकायला, नोकरीला, कधी सेवेला परदेशी जातात. निघताना आपण पासपोर्ट, व्हिसा, गरम कपडे आणि लोणच्याची बरणी यांची यादी करतो. गोन्सालोंची शिदोरी वेगळी होती. समोरच्याची भाषा त्याच्यासारखी बोलता येणे, हाताला एखादे उपयोगी काम असणे, नकार पचवता येणे आणि मान मिळो न मिळो, जखमा धुवायला खाली बसता येणे. यातले कुठलेही कसब जपानला पोहोचल्यावर आयते मिळाले नसते. त्याची सुरुवात वसईत, शिकण्याच्या वयात झाली होती.

त्यांची श्रद्धा आपली असेलच असे नाही. त्यांच्या काळातल्या सत्तेशी तर आपले पूर्वज लढले. तरीही नागासाकीच्या टेकडीवर ब्राँझमध्ये कोरलेल्या त्या सव्वीस आकृतींपैकी एकीची आई आपल्या किनाऱ्यावरची होती, हे आपल्या घरातल्या मुलांना ठाऊक असायला हवे.