बाबासाहेब आणि बाळंतिणीचा हक्क

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना आपण सर्व घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. परंतु बाळंतपणाचा खर्च एकट्या आईवर पडू नये, यासाठी त्यांनी केलेले कार्य पाठ्यपुस्तकात क्वचितच येते. या अंकात आम्ही त्याविषयी लिहीत आहोत.

बाबासाहेबांचा जन्म आपल्याच मध्य प्रदेशातील महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी झाला. सुभेदार रामजी व भीमाबाई यांचे ते चौदावे अपत्य. त्या चौदांपैकी पाचच जगली. भीमराव लहान असतानाच आईचे छत्र हरपले. पुढे ते अमेरिका व इंग्लंडमध्ये शिकून मोठे विद्वान झाले, तरी घरचे दुःख सरले नाही. त्यांना व रमाबाईंना पाच मुले झाली, त्यांपैकी एकटा यशवंत वाचला. धाकटा राजरत्न १९२६ मध्ये गेला.

१९२७ मध्ये ते मुंबई विधिमंडळाचे सभासद झाले. दुसऱ्याच वर्षी तेथे गिरणीतील स्त्रियांच्या प्रसूती-भत्त्याचे विधेयक आले. त्या काळी बाळंतपणात खाडा पडला की मजुरी बंद होई. म्हणून बाई दिवस भरेपर्यंत कामावर उभी राही आणि पुरती सावरण्याआधीच परत येई. भत्त्याचा भार मालकांवर नको, असा आक्षेप निघाला. बाबासाहेबांनी विधेयकास पाठिंबा दिला. स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो, तेव्हा त्याने काही भार उचलावा. मात्र आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे असल्याने मोठा वाटा सरकारने घ्यावा, असे त्यांचे मत होते. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात हा कायदा झाला. पैसे मात्र मालकानेच द्यायचे होते.

१९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. खाणीतील स्त्रियांच्या प्रसूती-भत्त्याच्या कायद्यात त्यांच्या काळात सुधारणा झाल्या. त्यांच्याच खात्याने १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम सोपविले. त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे ईएसआय, उभा राहिला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे पं. नेहरूंच्या हस्ते योजनेचा शुभारंभ झाला.

विम्याची युक्ती साधी आहे. भत्ता एकट्या मालकाने द्यायचा झाला, तर तो बाईला कामावर घेण्याचेच टाळतो. विम्यात स्त्री असो वा पुरुष, प्रत्येक कामगाराच्या पगारावर अंशदान भरले जाते. जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा ३.२५ टक्के व कामगाराचा ०.७५ टक्के झाला. त्यामुळे कोणा एका मालकावर भार पडत नाही. आईला उपचारही मिळतात व बुडालेल्या पगाराची भरपाईही. २०१७ मध्ये या भरपाईची मुदत २६ आठवडे झाली.

बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ रोजी निवर्तले. त्यांचे काम मात्र अपुरे आहे. ईएसआय मुख्यतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना व दुकानांना लागू होते. नेहरू नगर व कोटरा भागात घरोघरी धुणी-भांडी करणाऱ्या भगिनी तिच्याबाहेर राहतात. त्यांची मुले शाळेत आपल्या मुलांच्या शेजारी बसतात. अशा असंघटित श्रमिक स्त्रियांसाठी आपल्या राज्यात २०१८ मध्ये प्रसूती सहायता योजना सुरू झाली. परंतु त्यासाठी श्रमिक म्हणून नोंदणी, गर्भारपणातील तपासण्या आणि सरकारी रुग्णालयातील प्रसूती आवश्यक आहे. नोंदणीच नसेल तर हक्क कागदावरच राहतो.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईंचे श्रमिक कार्ड आहे का, त्यांच्या घरी कोणी गर्भवती असल्यास अंगणवाडीत किंवा आशा कार्यकर्तीकडे नाव नोंदविले आहे का, हे अगत्याने विचारावे. बाळंतपणाच्या दिवसांत त्यांचा पगार कापू नये. नोकरी करणाऱ्या भगिनींनीही आपले अंशदान वेळेवर भरले जाते की नाही, हे पाहावे. प्रसूती-भत्त्यासाठी आधीच्या दोन अंशदान-कालावधींत किमान ७० दिवसांचे अंशदान लागते. विद्यार्थी मित्रांनो, फॉर्म भरण्यास तुम्ही मदत करू शकता. जयंतीला हार घालण्याइतकेच हेही बाबासाहेबांना अभिवादन आहे, असे आम्ही मानतो.