कोण होते मेजर रॉबर्ट गिल? कामासाठी अजिंठ्यात आले अन् परत गेलेच नाहीत

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे 100 किलोमीटरवर असलेली अजिंठा लेणी 1819 मध्ये इंग्रजांच्या नजरेस पडली. तिथली चित्रे जगापुढे नेण्यासाठी एका लष्करी अधिकाऱ्याने आयुष्य खर्ची घातले.

काम काय होते?
लंडनमध्ये 1804 साली जन्मलेले गिल ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत कॅप्टन होते. भित्तिचित्रांच्या हुबेहूब प्रती काढण्यासाठी कंपनीने 1844 मध्ये त्यांची नेमणूक केली. मुक्काम अजिंठा गावातील बारादरीत. लेण्यांत अंधार, भोवती जंगल, वाघांचा वावर. गिल स्वतः नामांकित शिकारी होते.

कुटुंबाचे काय झाले?
पत्नी आणि मुले इंग्लंडला गेली, गिल इथेच राहिले. पारो या स्थानिक तरुणीवर त्यांचा जीव जडला. 23 मे 1856 रोजी तिचे निधन झाले. गिल यांनी बांधलेली तिची कबर आजही अजिंठ्यात आहे.

चित्रे कुठे गेली?
गिल यांची तैलचित्रे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. 1866 च्या आगीत त्यातील बहुतेक जळाली. सुदैवाने तोवर गिल यांनी कॅमेराही हाती घेतला होता. त्यांच्या छायाचित्रांची पुस्तके 1864 मध्येच निघाली होती. आगीनंतर साठी उलटलेल्या गिल यांनी पुन्हा ब्रश उचलला.

1879 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कबर भुसावळला आहे. आगीतून वाचलेली मोजकी चित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. लेण्यांतील मूळ रंग तेव्हापासून बरेच झडले, म्हणूनच या प्रतींचे मोल मोठे आहे.