पंधरावा नंबर नाकारणारा मुलगा

आमच्या मेसमध्ये चहासाठी जी दुधाची पिशवी येते तिच्यावर 'पाश्चराइज्ड' असं छापलेलं असतं. दीड वर्ष मी तो चहा पितेय. हा शब्द लुई पाश्चरच्या नावावरून आलाय एवढं शाळेत शिकले होते. पण या पाश्चरने एन्ट्रन्स एक्झाम दोनदा दिली होती हे मात्र या दिवाळीच्या सुट्टीत त्याचं चरित्र वाचताना कळलं. मला एकदम हायसं वाटलं. कारण बारावीनंतर मीही एक वर्ष ड्रॉप घेऊन सीईटी पुन्हा दिलीय, आणि हॉस्टेलवर आल्यावर पहिले सहा महिने मी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती. जन्मसाल विचारलं की विषय बदलायचे. म्हणून म्हटलं, यंदाच्या अंकात याच माणसावर लिहावं. (शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्या.)

लुईचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा, फ्रान्समधल्या डोल गावचा. तो वाढला मात्र जवळच्याच आर्ब्वा या छोट्या गावात. वडील नेपोलियनच्या सैन्यात सार्जंट होते, नंतर कातडी कमावण्याचा धंदा करायचे. शाळेत लुई काही चमकणारा विद्यार्थी नव्हता. त्याला चित्रकलेची आवड होती, आईवडिलांची आणि शेजाऱ्यांची पोर्ट्रेट्स तो छान काढायचा. पण त्याच्या हेडमास्तरांना या मुलात काहीतरी दिसलं. पॅरिसचं एकोल नॉर्माल, म्हणजे प्राध्यापक घडवणारं त्या देशातलं सगळ्यात नावाजलेलं कॉलेज, हे ध्येय त्यांनी त्याच्या डोक्यात घातलं.

१८३८ मध्ये, सोळावं वर्ष पुरं व्हायच्या आधीच, लुईला पॅरिसला बार्बे नावाच्या गृहस्थांच्या बोर्डिंगमध्ये ठेवलं. आणि काय झालं असेल? होमसिक! जेवण जाईना, झोप येईना. महिना-दीड महिन्यात वडील स्वतः येऊन त्याला घरी घेऊन गेले. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण हॉस्टेलवर रडलेला. हे वाचलं तेव्हा मला माझा इथला पहिला आठवडा आठवला.

पुढचं शिक्षण त्याने घराजवळच्या बेझाँसाँ शहरात घेतलं. १८४० मध्ये कला शाखेची पदवी-परीक्षा पास झाला. विज्ञानाच्या परीक्षेत मात्र १८४१ मध्ये चक्क नापास! १८४२ मध्ये ती सुटली, पण केमिस्ट्रीपुढे शेरा होता 'साधारण'. हो, केमिस्ट्रीच!

त्याच उन्हाळ्यात त्याने एकोल नॉर्मालची प्रवेश परीक्षा दिली आणि पहिल्या टप्प्यात पास झाला. २२ जणांत त्याचा नंबर १५ वा. आपल्याकडे एवढं झालं असतं तर पेढे वाटले असते. पण एकोणीस वर्षांच्या लुईला तो नंबर पटला नाही. आपली तयारी कच्ची आहे हे त्याचं त्याला कळलं होतं. त्याने पुढे न जाता एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यायचं ठरवलं.

त्यासाठी तो गेला कुठे? पुन्हा पॅरिसला, त्याच बार्बेंच्या बोर्डिंगमध्ये, जिथून चार वर्षांपूर्वी रडत परत आला होता! मला विचाराल तर त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रयोग हाच. घरची परिस्थिती बेताची, म्हणून फी कमी व्हावी यासाठी तो सकाळी सहा ते सात लहान मुलांना गणित शिकवायचा. मग सॅं-लुई या शाळेत क्लास. आणि वेळ काढून सोरबोन विद्यापीठात ड्युमा नावाच्या प्रोफेसरांची केमिस्ट्रीची लेक्चर्स. तिथे सहा-सातशे लोकांची गर्दी व्हायची, जागा मिळावी म्हणून बरंच आधी जाऊन बसावं लागायचं. ही लेक्चर्स परीक्षेसाठी कंपल्सरी नव्हती, पण ज्या विषयात 'साधारण' शेरा मिळाला त्याच विषयाच्या तो तिथे प्रेमात पडला.

१८४३ मध्ये त्याने परीक्षा पुन्हा दिली. नंबर आला चौथा. तेव्हा तो वीस वर्षांचा होता, म्हणजे आज मी आहे त्याच वयाचा.

पुढचं बरंचसं आपल्याला पाठ आहे. १८४८ मध्ये त्याने टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे बारीक स्फटिक हाताने निवडून डावे आणि उजवे वेगळे केले, आणि एकाच पदार्थाचे रेणू आरशातल्या प्रतिबिंबासारखे दोन प्रकारचे असू शकतात हे दाखवलं. सत्तरी ओलांडलेल्या बियो या शास्त्रज्ञाचा विश्वास बसेना. त्यांनी तो प्रयोग स्वतःसमोर पुन्हा करायला लावला. इथेही रिपीट! पुन्हा उत्तर तेच आलं. १८६० च्या दशकात वाइन खराब होऊ नये म्हणून ती बेताची तापवायची पद्धत त्याने काढली, तीच पुढे दुधाला लागू झाली. तीन मुली लहान वयात गेल्या. १८६८ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, अर्धांगवायूने डावी बाजू अधू झाली. तरी ६ जुलै १८८५ ला पिसाळलेला कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस द्यायला तोच उभा होता. तो मुलगा वाचला. पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ ला गेला. मुंबईत प्लेगची लस तयार करणारे हाफकिनसुद्धा त्याच्याच पॅरिसच्या संस्थेतून भारतात आले होते.

मला वाटतं, १५ वरून ४ हा आकडा तसा छोटाच. त्या वर्षाची खरी कमाई केमिस्ट्री होती. पहिल्याच वर्षी ॲडमिशन घेतली असती तर ड्युमांच्या लेक्चर्सची गोडी त्याला लागली असती का, कोण जाणे. माझ्या ड्रॉपने माझे मार्क्स थोडेच वाढले, हवी ती ब्रँच काही मिळाली नाही. पण न घाबरता एकटीने अभ्यासाला बसणं मी त्याच वर्षी शिकले. सगळ्यांनी रिपीट करावं असं मी म्हणणार नाही. नुसतं त्याच नोट्स पुन्हा वाचायचे असतील तर वर्ष खरंच वाया जातं. काय कच्चं आहे ते कळलं असेल तरच थांबण्यात अर्थ आहे.

हे लिहायचं आणखी एक कारण. यंदा माझ्या रूम पार्टनरचं इयर डाऊन झालं. निकालानंतर चार दिवस ती मेसला आली नाही, बॅग भरून ठेवली होती. त्या रात्री मी तिला पहिल्यांदा माझ्या ड्रॉपबद्दल सांगितलं, आणि मग या रडून घरी गेलेल्या आणि पुन्हा त्याच बोर्डिंगला परत आलेल्या मुलाबद्दल. दुसऱ्या दिवशी ती घरी गेलीच. पण गादी आणि पुस्तकं रूमवरच ठेवून गेलीय.