चार्ल्स केटरिंग

चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग (२९ ऑगस्ट, १८७६ – २५ नोव्हेंबर, १९५८) हे अमेरिकन अभियंते व संशोधक होते. मोटारीचा विजेवर चालणारा स्टार्टर आणि बॅटरी-कॉइल प्रज्वलन प्रणाली यांसाठी ते ओळखले जातात. ही प्रणाली सुमारे साठ वर्षे मोटारी व मोटारसायकलींत प्रचलित होती.

जीवन

केटरिंग यांचा जन्म ओहायो राज्यातील लाउडनव्हिलजवळ शेतकरी कुटुंबात झाला. डोळ्यांच्या विकारामुळे त्यांना विद्यापीठीय शिक्षण मध्येच सोडावे लागले. त्या काळात त्यांनी टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या तुकडीत काम केले. पुढे शिक्षण पुन्हा सुरू करून १९०४ साली त्यांनी ओहायो स्टेट विद्यापीठाची विद्युत अभियांत्रिकीतील पदवी मिळवली. डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत त्यांनी विजेवर चालणारे गल्लायंत्र विकसित केले. १९०९ साली एडवर्ड डीड्स यांच्यासह त्यांनी 'डेल्को' ही कंपनी स्थापन केली. १९२० ते १९४७ या काळात ते जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते.

प्रज्वलन प्रणाली

केटरिंग यांच्या प्रणालीत बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या प्राथमिक गुंडाळीतून वाहतो. इंजिनाबरोबर फिरणारा कॅम ठरावीक क्षणी संपर्कबिंदू, म्हणजे पॉइंट, उघडतो. प्रवाह खंडित होताच चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुय्यम गुंडाळीत निर्माण झालेल्या उच्च दाबामुळे प्लगमध्ये ठिणगी पडते. पॉइंटवर होणारी ठिणगी कंडेन्सर रोखतो. कॅडिलॅक कंपनीने ही प्रणाली स्वीकारली. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत केटरिंग यांचा स्टार्टरही आला. हँडल मारून इंजिन सुरू करताना त्याच्या उलट झटक्याने होणाऱ्या गंभीर दुखापती त्यामुळे टळू लागल्या.

शिसेयुक्त पेट्रोल

इंजिनातील ठोक्यांचा दोष सुरुवातीला डेल्कोच्या प्रज्वलनावर ठेवला गेला. केटरिंग यांनी खरे कारण इंधनात शोधले. त्यांचे सहकारी थॉमस मिजली यांना १९२१ साली टेट्राएथिल लेड या संयुगाने ठोके थांबतात असे आढळले. १९२४ साली या संयुगाच्या निर्मितीत काही कामगार विषबाधेने दगावले, तरीही केटरिंग यांनी त्याचा पुरस्कार सुरू ठेवला. शिशाच्या प्रदूषणामुळे अखेर जगभर हे पेट्रोल बंद करावे लागले. भारतात ते २००० साली बंद झाले.

इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन

पॉइंटची टाच झिजली की फट कमी होते आणि ठिणगीची वेळ मागे सरकते, तर पृष्ठभाग जळल्यास ठिणगी दुबळी होते. म्हणून फट वारंवार तपासावी लागते. भारतातील जुन्या बुलेट मोटारसायकलींच्या चालकांनाही हे काम परिचित होते. जुन्या मोटारसायकलीला ट्रान्झिस्टरचे प्रज्वलन बसवताना पॉइंट आणि कंडेन्सर काढले जातात. त्यांच्या जागी चुंबकीय संवेदक वेळ ओळखतो व ट्रान्झिस्टर प्रवाह तोडतो. मात्र संचाचा व्होल्टेज, कॉइलचा रोध आणि बॅटरीचे कोणते टोक सांगाड्याला जोडलेले आहे, हे जुळणे आवश्यक असते. अन्यथा संच जळू शकतो. प्रवाह तोडून कॉइलमधून ठिणगी मिळवण्याचे केटरिंग यांचे तत्त्व या बदलानंतरही कायम राहते.

वारसा

१९४५ साली स्थापन झालेल्या न्यूयॉर्कमधील स्लोन-केटरिंग या कर्करोग संशोधन संस्थेला त्यांचे नाव आहे. डेटनजवळील केटरिंग शहर आणि मिशिगनमधील केटरिंग विद्यापीठ यांनाही त्यांचेच नाव देण्यात आले आहे.