सेनेने मानलेला हिशेबनीस : सिमॉन स्टेव्हिन

आपल्या बेटाला मॉरिशस हे नाव कोणावरून पडले, हे आपल्या शाळेतील मुलेही सांगतात. १५९८ च्या सप्टेंबर महिन्यात डच जहाजे आजच्या ग्रां पोरच्या उपसागरात आली आणि खलाशांनी आपल्या प्रिन्स मॉरिसचे नाव या बेटाला दिले. मॉरिसची ओळख आपल्याला आहे. परंतु त्याच्या पदरी असलेल्या एका थोर माणसाची ओळख आपल्याकडे फार थोड्यांना असेल. त्याचे नाव सिमॉन स्टेव्हिन. हा मनुष्य प्रथम हिशेबनीस होता, नंतर ग्रंथकार व शिक्षक झाला, पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या त्याने सुधारल्या, आणि पन्नाशी उलटून गेल्यावर तो सैन्यातील अधिकारी झाला. बाहेरच्या जगात मिळवलेला अनुभव सैन्याने जमेस धरला, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. म्हणून आज आम्ही त्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

स्टेव्हिनचा जन्म १५४८ साली ब्रुज या व्यापारी शहरात झाला. हे शहर आज बेल्जियममध्ये आहे. आईवडिलांचा विवाह झालेला नव्हता, त्यामुळे घराण्याच्या मोठेपणाचा आधार त्याला नव्हता. तरुणपणी त्याने अँटवर्पमध्ये व्यापाऱ्यांच्या पेढीवर हिशेबाचे काम केले. पुढे पोलंड, प्रशिया, नॉर्वे अशा देशांचा प्रवास केला. १५७७ साली ब्रुजच्या परिसरातील कर-कचेरीत तो कारकुनी करीत होता. रोजकीर्द, खतावणी, जमाखर्च यांतच त्याची तिशी गेली. पुढे हा मनुष्य एका सैन्याची छावणी आखील, असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

त्या काळी डच प्रांतांनी स्पेनच्या राजाविरुद्ध स्वातंत्र्याचे युद्ध पुकारलेले होते. १५८१ मध्ये स्टेव्हिन उत्तरेकडे लायडन शहरी आला. १५८२ मध्ये त्याने व्याजाची कोष्टके छापली. अशी कोष्टके सावकार मंडळी आपल्या पेटीत लपवून ठेवीत. स्टेव्हिनने ती सर्वांसाठी खुली केली. १५८३ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्याने लायडनच्या विद्यापीठात नाव घातले. ज्या वयात लोक मुलांच्या शाळेची काळजी करतात, त्या वयात हा गृहस्थ स्वतः विद्यार्थी झाला.

पुढच्या तीन वर्षांत त्याची लेखणी थांबली नाही. १५८५ मध्ये दशांश अपूर्णांकांवर त्याने एक लहानशी पुस्तिका लिहिली. आज आपली मुले पैशांचा आणि मापांचा हिशेब दशांशांत सहज करतात. ही रीत युरोपात रुजवण्यात त्या पुस्तिकेचा वाटा फार मोठा आहे. ती त्याने पंडितांपेक्षा जमीन मोजणारे, कापड मोजणारे, मद्याची पिंपे मापणारे, टांकसाळीचे अधिकारी आणि व्यापारी यांच्यासाठी लिहिली. १५८६ मध्ये वजन, समतोल आणि पाण्याचा दाब यांवरचे त्याचे ग्रंथ निघाले. डेल्फ्ट येथे त्याने आपल्या एका मित्रासह शिशाचे दोन गोळे तीस फुटांवरून खाली सोडले. एक गोळा दुसऱ्याच्या दहापट जड होता, तरी खालच्या फळीवर दोघांचा आवाज एकदमच झाला. जड वस्तू आधी पडते, ही दोन हजार वर्षांची समजूत त्याने अशा साध्या रीतीने खोडून काढली. याच वर्षांत तो पवनचक्क्याही सुधारीत होता. नेदरलँड्सची पुष्कळ जमीन समुद्रसपाटीहून खाली आहे. पाणी सतत उपसले नाही तर शेती बुडते. त्यामुळे चक्की, बांध आणि पाण्याचे दरवाजे हे तेथे जीवनमरणाचे प्रश्न असतात.

मॉरिस त्याच सुमारास लायडनमध्ये शिकत होता. १५८४ मध्ये त्याचे वडील विल्यम ऑफ ऑरेंज यांचा डेल्फ्ट येथे खून झाला. पुढच्याच वर्षी, वयाची विशीही पुरी झालेली नसताना, त्याच्यावर हॉलंड व झीलंड या प्रांतांची जबाबदारी पडली. समोर स्पेनचे बलाढ्य सैन्य होते. नुसत्या शौर्याने हे युद्ध जिंकता येणार नाही, किल्ले घ्यायचे तर मोजमाप आले पाहिजे, हे त्या तरुणाने ओळखले आणि स्टेव्हिनला आपला शिक्षक व सल्लागार केले. गणित, यंत्रशास्त्र, तटबंदी, हिशेब असे सर्व विषय तो त्याच्यापाशी शिकला. स्टेव्हिनने लिहून दिलेले पाठ मॉरिस मोहिमेवरही बरोबर नेत असे. कोठे लढाईच्या धामधुमीत ते गहाळ होतील, या भीतीने पुढे १६०५ ते १६०८ या काळात ते छापून काढण्यात आले.

आता मुख्य गोष्ट पाहू. सैन्याला या हिशेबनीसाचा उपयोग तरी काय झाला?

पहिला उपयोग तटबंदीत झाला. १५९४ मध्ये त्याने किल्ले बांधण्यावर ग्रंथ लिहिला. पुढे १६१७ मध्ये पाण्याच्या दरवाजांनी किल्ल्याचे रक्षण कसे करावे, यावर दुसरा ग्रंथ काढला. चक्क्या आणि बांध यांच्यापाशी जे ज्ञान मिळाले होते, तेच येथे कामी आले. शेतकऱ्याचे शेत कोरडे ठेवणारे पाणी सोडले की शत्रूची वाट अडते.

दुसरा उपयोग छावणीत झाला. सैन्य मुक्कामाला थांबले की जो तो वाटेल तेथे तंबू ठोकी. त्यातून घाण, भांडणे आणि रोगराई. स्टेव्हिनने छावणी एखाद्या नीट आखलेल्या गावासारखी मांडली. सेनापतीची जागा, प्रत्येक पलटणीची जागा, तोफा, गाडे, बाजार, मधले रस्ते, सर्व काही मोजून काटकोनात. हा विषय त्याने १६१७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. खतावणीच्या पानावर प्रत्येक रकमेला जसे आपले घर असते, तसे येथे प्रत्येक शिपायाला आपले ठिकाण मिळाले.

तिसरा उपयोग खुद्द जमाखर्चात झाला. व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची पद्धत राज्यकारभाराला आणि युद्धखर्चालाही लावता येते, हे त्याने मॉरिसला पटवले. राजपुत्राला प्रथम ती अवघड वाटली. परंतु त्याने चिकाटीने ती शिकून घेतली. ज्या राज्यात पगार वेळेवर मिळत नाही, तेथील सैन्य बंड करते. स्पेनच्या सैन्यात अशी बंडे वारंवार होत होती, म्हणून हिशेबाची ही वही तोफेइतकीच मोलाची होती.

१६०४ मध्ये, वयाच्या पंचावन्न-छप्पन्नाव्या वर्षी, स्टेव्हिनला सैन्यात क्वार्टरमास्टर हे पद मिळाले. मुक्कामाच्या जागा आखून देणारा हा अधिकारी. येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. त्याला हुद्दा दिला तो त्याला जे येत होते त्याच कामाचा. त्याच्या हाती घोडदळ दिले नाही, की लढाईत पलटण चालवायला सांगितले नाही. माणसे रणात नेण्याची विद्या वेगळी. ती पेढीवर शिकता येत नाही. परंतु मोजणी, आखणी आणि हिशेब यांच्यासाठी त्याला पुन्हा शिपायाच्या पायरीपासून सुरुवात करायला लावणे, हाही वेडेपणाच ठरला असता. पूर्वीची वर्षे जमेस धरण्याचा योग्य न्याय तो हाच, असे आम्हांस वाटते.

हाच न्याय त्याने दुसऱ्यांनाही मिळवून दिला. १६०० साली मॉरिसच्या इच्छेवरून लायडनमध्ये लष्करी अभियंत्यांसाठी शिक्षणाची सोय झाली. तिचा अभ्यासक्रम स्टेव्हिनने आखला. शिकवण्याची भाषा लॅटिन न ठेवता डच ठेवली. कारण उघड आहे. सुतार, गवंडी, मोजणीदार यांच्या हातांत कला होती, पण लॅटिन येत नव्हते. भाषेची भिंत काढताच त्यांचा अनुभव आत आला. तेथे नेमलेल्या पहिल्या शिक्षकांपैकी लुडोल्फ व्हान क्युलेन हा तलवारबाजीची शाळा चालवणारा मनुष्य होता. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर, म्हणजे पाय, त्याने पस्तीस दशांश स्थळांपर्यंत काढले. स्टेव्हिनने डच भाषेत शास्त्रीय शब्दही घडवले. गणिताला डच लोक आजही ‘विस्कुंडे’ म्हणतात, ती त्याचीच देणगी. खात्रीचे ज्ञान असा त्याचा भाव आहे.

हे वाचताना आम्हांस छत्रपती शिवाजी महाराजांच्या कारभाराची आठवण होते. महाराजांनीही राज्यव्यवहारकोश करवून कारभाराला आपल्या भाषेचे शब्द दिले. अष्टप्रधानांपैकी पंडितराव आणि न्यायाधीश सोडले, तर इतरांना प्रसंगी मोहिमेवर जावे लागे. अण्णाजी दत्तोंसारखा दप्तर सांभाळणारा मनुष्य १६७३ च्या पन्हाळ्याच्या मोहिमेत होता. लेखणीचा माणूस म्हणून महाराजांनी त्याला बाजूस बसवले नाही. गुणाची पारख असलेला धनी असला की कोणाचेही मागचे कष्ट फुकट जात नाहीत.

आजच्या सैन्यांतही हा प्रश्न आहेच. नेदरलँड्समध्ये डॉक्टर, वकील अशी बाहेर शिकलेली माणसे ब्रेडा येथे अल्प मुदतीचे लष्करी शिक्षण घेऊन अधिकारी होतात. भारतात सैन्याच्या वैद्यकीय विभागात येणाऱ्या डॉक्टरला आरंभीच कॅप्टनचा हुद्दा मिळतो. आपल्या देशाला खडे सैन्य नाही. पण प्रश्न सैन्यापुरता नाही. दहा वर्षे साखर कारखान्यात हिशेब ठेवलेला मुलगा दुसऱ्या नोकरीत गेला की त्याला बहुधा नवशिक्यांच्या रांगेत उभे करतात. ती दहा वर्षे कागदावर शून्य होतात. त्यात त्या मुलाचे नुकसान आहेच, पण त्या कचेरीचेही आहे.

स्टेव्हिनच्या बाबतीत तसे झाले नाही, याची दोन कारणे आम्हांस दिसतात. एक, त्याने आपले ज्ञान मनात ठेवले नाही, लिहून काढले; त्याचे ग्रंथ हेच त्याचे प्रमाणपत्र झाले. दुसरे, त्याला पारखणारा मॉरिस स्वतः ते शास्त्र शिकला होता. ज्याला सोन्याची पारख नाही, त्याच्यापुढे सोने आणि पितळ सारखेच.

उतारवयात स्टेव्हिनने कॅथरिना क्रे हिच्याशी संसार मांडला. त्यांना चार मुले झाली. १६२० साली त्याचे निधन झाले. त्याचा मुलगा हेन्ड्रिक याने वडिलांचे मागे राहिलेले कागद गोळा करून पुढे छापले. १८४६ मध्ये ब्रुज शहराने त्याचा पुतळा उभारला. ज्या गावात तो साधा कारकून होता, त्याच गावाच्या चौकाला आज त्याचे नाव आहे.

तेव्हा पालकांनो, मुलगा किंवा मुलगी आज ज्या कामाला जाते, ते लहान म्हणून हिणवू नका. त्या कामातून काय शिकलास, एवढे मात्र रोज विचारा आणि ते एका वहीत लिहून ठेवायला सांगा. आणि जे आपल्यापैकी कोठे अधिकारावर आहेत, त्यांनी समोर आलेल्या उमेदवाराची ती वही उघडून वाचावी.