नवऱ्याच्या आठवणी लिहायला बसल्या आणि...

कादंबरी कशी हवी, असं वाचनालयात चार मैत्रिणींना विचारलं तर उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. थोडं प्रेम हवं, ताटातूट हवी, वाचताना डोळ्यांच्या कडा ओलावल्या पाहिजेत आणि शेवटी नायिकेला स्वतःची वाट सापडली पाहिजे. हे सगळं काठोकाठ भरलेलं एक पुस्तक मराठीत १९३४ पासून आहे. फक्त ती कादंबरी नाही. त्यातली नायिका खरीखुरी होती. नगर-राहुरीत तिनं संसार केला, पोरंबाळं वाढवली, दुष्काळ पाहिला, प्लेग पाहिला. पुस्तकाचं नाव ‘स्मृतिचित्रे’ आणि नायिका लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. घरातली सगळी तिला मनू म्हणायची. आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिलं होतं. त्या धक्क्यानंतर मनूच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याओवळ्याचं वेड शिरलं ते कायमचंच. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, कुणाची सावली पडली तरी विटाळ. हसू यावं आणि पोटात गोळाही यावा, असं ते घर. या घरात वाढलेली मुलगी पुढं काय करणार आहे, हे ठाऊक असलं म्हणजे या सोवळ्याचं वजन कळतं.

अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा नारायण वामन टिळक, पुढं फुलांमुलांचे कवी म्हणून महाराष्ट्राला माहीत झालेले. माणूस विलक्षण बुद्धीचा, हळवा आणि तितकाच संतापी. आज इथं तर उद्या तिथं. मनाला आलं की घर सोडून निघायचं आणि बायकोनं वाट बघत बसायचं. हातात पैसा ठरायचा नाही, कुणी मागितलं की देऊन मोकळे. बायकोला लिहायला-वाचायला शिकवलं ते त्यांनीच, पण तेही लहर लागेल तसं. धडा कमी आणि रागावणं जास्त. तरी ती शिकली. शुद्धलेखन कधी जमलं नाही, पण अक्षर हाती लागलं. संसारात पोटची मुलं लहानपणीच गेली. पुढं दत्तू झाला, तो जगला.

आणि मग ते घडलं. राजनांदगावला जाताना आगगाडीत टिळकांना एक गोरा गृहस्थ भेटला. गप्पा झाल्या, त्यानं बायबलचा नवा करार हातात ठेवला. टिळकांचं मन आधीच धर्माच्या प्रश्नांनी अस्वस्थ होतं. वाचता वाचता ते त्यात बुडाले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या बाईला याचा अर्थ काय होता? नवरा जिवंत आहे, कपाळावर कुंकू आहे, पण त्याच्या पंगतीला बसता येत नाही, त्याच्या हातचं पाणी पिता येत नाही. ना धड सवाष्ण, ना विधवा. शोक करायचा तर कुणाचा? पदरात लहान मूल आणि भोवती हळहळणाऱ्या नातेवाइकांचा गराडा. पंढरपूरला बहिणीच्या घरच्या आधारानं त्यांनी दिवस काढले. बाई खंगून गेली. पण याच काळात एक नवलही घडलं. ज्या बाईला धड जोडाक्षर लिहिता येत नव्हतं, ती कविता करू लागली. दुःखाला कुठंतरी वाट हवी होती, ती तिनं स्वतःच काढली.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. १८६६ पासून एक कायदा होता. धर्मांतर केलेल्या माणसाचा जोडीदार धर्मापायी त्याच्याबरोबर राहायला तयार नसेल, तर कोर्टात जाऊन ते लग्न मोडून घेता येत असे. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. त्यांनी पत्रं लिहिली, भेटीगाठी घेतल्या, वाट पाहिली. इतकी वर्षं बायकोला वाट पाहायला लावणाऱ्या माणसाच्या वाट्याला आता वाट पाहणं आलं होतं!

शेवटी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे आल्या, पण धर्म न सोडता. टिळक तेव्हा अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत होते. मिशनचं ठाणं इथं १८३१ पासूनचं. सावित्रीबाई फुले जिथं शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला आल्या, ती मिस फॅरार यांची शाळाही याच गावातली. अशा गावात लक्ष्मीबाईंनी संसार मांडला तो मात्र आपल्या पद्धतीनं. चूल वेगळी, पाणी वेगळं. एका छपराखाली नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यातली. विचार करा, किती जणींना हे जमलं असतं? नवऱ्याला सोडायचं नाही आणि त्याच्या मागोमाग डोळे मिटून जायचंही नाही!

मन बदललं ते राहुरीला. कुणी प्रवचन दिलं म्हणून नव्हे, कुणी धाक घातला म्हणूनही नव्हे. त्यांनी आपल्याआपणच विचार केला. जात देवानं केली की माणसानं? देवानं केली असती तर जनावरांत दिसतात तशा माणसांच्या शरीरातही काही खुणा दिसल्या असत्या. त्या तर कुठं दिसत नाहीत. मग हा विटाळ आला कुठून? उत्तर मिळालं आणि त्यांनी ठरवलं की इथून पुढं कुणाच्याही हातचं खायचं. जिच्या वडिलांचं आयुष्य धुण्या-शिंपडण्यात गेलं, त्या मुलीनं एका विचारासरशी ते ओझं उतरवून ठेवलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. ही पाच वर्षं त्यांची स्वतःची होती.

त्यानंतरचं नगरचं घर म्हणजे धर्मशाळाच! १८९९-१९०० च्या दुष्काळानं जिल्हा होरपळून निघाला होता. पोरकी मुलं मिशनच्या आसऱ्याला येत होती. टिळक कुणाला ना कुणाला घरी घेऊन यायचे आणि भाकऱ्या थापायच्या लक्ष्मीबाईंनी. पोटच्या दत्तूबरोबर परक्यांची लेकरं वाढली. शहरात प्लेग शिरला तेव्हा लोक आपल्या माणसाच्याही जवळ जायला धजत नव्हते. लक्ष्मीबाई आजाऱ्यांच्या उशापायथ्याशी बसल्या. पुढं बालकवी ठोंबरेही काही काळ याच घरात राहिले. या विसराळू, हट्टी, गुणी मुलाला त्यांनी आईची माया दिली. १९१८ मध्ये भादलीजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले. आणि वर्षभरानं, ९ मे १९१९ ला, टिळकही गेले.

पन्नाशी ओलांडलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. नवऱ्याच्या आधारानं जगलेली अशीच सगळ्यांची समजूत. आता हिचं कसं होणार? तर हिनं लेखणी उचलली. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. त्यात त्यांनी तब्बल ६४ अध्यायांची भर घातली.

‘स्मृतिचित्रे’ मात्र ठरवून झालेलं पुस्तक नाही. मुलाला, देवदत्ताला, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्यासाठी आईनं आठवणी लिहून द्याव्यात एवढीच त्याची अपेक्षा. आई लिहायला बसली आणि नवऱ्याच्या आठवणी काढता काढता पानापानांतून स्वतःच उभी राहिली. त्यात रडगाणं नाही. नवऱ्याच्या तऱ्हेवाईकपणावर ती हसते, स्वतःच्या भाबडेपणावर त्याहून जास्त हसते. ज्या प्रसंगावर एखाद्या कादंबरीकारानं तीन प्रकरणं अश्रू ढाळले असते, तो ती चार ओळींत सांगून पुढच्या कामाला लागते. आणि आपण वाचणाऱ्या मात्र तिथंच अडखळून थांबतो. भाषा तर अशी, की शेजारची काकू ओट्यावर बसून बोलतेय.

पुस्तकाचा चौथा भाग हातून पुरा होण्याआधीच, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, नाशिकला लक्ष्मीबाई गेल्या. राहिलेलं मुलानं पुरं केलं. विजया मेहता यांनी त्यावर केलेल्या चित्रपटात सुहास जोशींनी साकारलेल्या लक्ष्मीबाई अनेकींना आठवत असतील. १९५० मध्ये पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर झालं, त्याचं नाव ठेवलं ‘आय फॉलो आफ्टर’, म्हणजे मी मागून येते. नाव गोड आहे, पण अर्धंच खरं. त्या मागून आल्या हे खरं, पण स्वतःचं उत्तर सापडल्यावर, स्वतःच्या पायांनी. २०१७ मध्ये शांता गोखले यांनी नव्यानं केलेल्या भाषांतराच्या नावात मात्र बाणेदार बायको आली. ते जास्त जवळचं वाटतं.

आजही घरोघरी हा प्रश्न वेगळ्या रूपात येतोच. नवऱ्याची बदली, त्याची नवी मतं, त्याचे नवे निर्णय, आणि आपण मागोमाग जायचं की अडून बसायचं? प्रेम म्हणजे लगेच हो म्हणणं, असं आपल्याला शिकवलेलं असतं. लक्ष्मीबाईंनी प्रेम केलं आणि थांबूनही घेतलं. वेगळी चूल मांडून त्याच घरात राहिल्या, पटलं तेव्हा स्वतःच ती विझवली. वाचनालयातून पुढचं पुस्तक आणायला जाल तेव्हा कादंबऱ्यांच्या कपाटाशेजारचं आत्मचरित्रांचं कपाटही उघडून बघा. ही बाई तिथंच बसलेली असेल.